नेसवताना

हात वर कर, तेन्मोळी. पोट आत ओढू नकोस,
दिवसभर श्वास घ्यायचाय.
वीज गेली ती आता अकराशिवाय येत नाही.
दार उघडंच राहू दे, गल्लीत बघायला आहे कोण?
अख्खं मदुरै मीनाक्षीच्या लग्नाला पुढे गेलंय.

तुझी ती कांचीपुरम मी पलंगावर निजवून ठेवलीय.
जड आहे गं, तान्ह्या पोरासारखी.
जरीला हात लावून बघितला,
पहाटे साडेपाचलाच कोमट.

ही माझी सुंगुडी घे.
काल रात्री भाताच्या पेजेत बुडवून वाळत टाकली होती,
जमिनीवर उभी केली तर उभी राहील.
नाक मुरडू नकोस.
खळ असली की कापड अंगाला चिकटत नाही,
आपल्याबरोबर चालतं, पण जरा अंतर राखून,
शहाण्या सासरासारखं.

ठिपके मोजू नकोस. मी मोजलेत,
मोजल्याशिवाय पैसे कोण देतो?
करंगळीचं नख वाढवायचं,
त्याच्या टोकावर कापड उचलायचं मोहरीएवढं,
दोऱ्याचे वेढे, आणि ओढ.
रंगातून काढून गाठ सोडली
की तिथे पांढरा ठिपका राहतो
आणि एक इवलीशी सुरकुती.
त्या सुरकुतीतून वारा जातो.
दुकानदार तिला नक्षी म्हणतो
आणि वाऱ्याचे पैसे लावतो.

निऱ्या पाचच. सात घालायच्या त्या तै महिन्यात.
परकर सॅटिनचा? काढ. काढ म्हणते ना.
पदर खांद्यावर घड्या घालून टाचू नकोस,
मोकळा सोड. रांगेत त्यानेच वारा घेता येतो,
घाम पुसता येतो,
शेजारचीचं पोर रडलं तर त्याच्या डोक्यावर धरता येतो.
ब्लाउज मात्र लग्नातला घाल, जरीच्या बाह्यांचा.
देवीच्या डोळ्यांना तेवढं रेशीम पुरे.
मोगरा आत्ता माळू नकोस,
ओल्या केळीच्या पानात गुंडाळून पिशवीत

गप्प का झालीस?

अस्सं.
आई येणार आहे.
तिरुप्पूरहून, रात्रीच्या बसने, उभ्याने,
लेक पहिल्या चित्तिरैत तालीचा दोरा बदलते ते बघायला.
आणि ही साडी तिने बनियनच्या कारखान्यात
मशीनवर बसून हप्त्याने घेतलीय.
हप्ते अजून चालू आहेत.
मला कोण सांगणार? कुबेंद्रन तर जन्माचा मुका.

फेड मग. हळू, खळ मोडेल.
माझं तोंड काय बघतेस, मला राग आला नाही.
अळगर वैगैत उतरतो तोही रेशमातच.
कुठल्या रंगाचं नेसलाय
त्यावर म्हातारे वर्षाचं पीकपाणी ठरवतात,
हिरवं दिसलं की भुईमुगाच्या शेंगा विकणारासुद्धा हसतो.
पण त्याचं बरं आहे. त्याला घोड्यावर बसायचंय,
आणि अंगावर पाणी उडवायला
चामड्याची पखाल घेऊन गाव उभं.
तुझ्यावर कोण उडवणार?
रेशमाला डाग पडतो, नाहीतर मीच उडवलं असतं.

सावलीच्या बाजूने चाल.
मासी वीथीच्या कोपऱ्यावर ताकाचा मांडव आहे,
तीन पेले पी, लाजू नकोस.
गळ्यातलं जाड सोनं काढून ठेव, तापतं.
काजळ घालू नकोस, आज तू रडणारच आहेस.

आणि हे गाठोडं घे, पानातल्या मोगऱ्याखाली.
हो, सुंगुडीच.
रात्रभर उभी राहून ती नायलॉनमध्ये येईल,
चांगलीचुंगली एक तर तुझ्याकडेच दिलीय ना.
देवळाच्या न्हाणीघरात ने तिला,
आधी मानेवर पाणी घाल, मग नेसव.
म्हणावं रंग जाणार नाही,
जायचा तेवढा तिसऱ्या धुण्यात गेला.

निऱ्या पाचच. विसरशील.